दोनच राहिलेत, तिन्ही नाहीत

प्रश्न : ताई, नागपूरला मी आठ वर्षं गणित शिकवलं. आता कॅलिफोर्नियात आहे. इथल्या प्राथमिक शिक्षकाच्या लायसन्ससाठी सी-सेट परीक्षेचे तिन्ही भाग एकाच दिवशी दिले. गणित-विज्ञान निघालं. पहिल्या भागात 211 आणि तिसऱ्यात 216, पासिंग 220. आता सगळं पुन्हा द्यायचं?

उत्तर : अगं, छे! निघालं ते निघालं. आपल्या एटीकेटीसारखं समज, राहिलेलेच द्यायचे. मात्र तोच भाग पुन्हा द्यायला 45 दिवस थांबावं लागतं.

आपल्या टीईटीत खुल्या गटाला 150 पैकी 90 पडले की झालं; एकट्या गणितावर बाकीचे विषय तरून जातात. तीच सवय तुला इथे नडली. इथे एका भागाचे मार्क दुसऱ्याच्या कामी येत नाहीत. भागाच्या पोटात मात्र सांभाळून घेतात. पहिल्या भागात भाषा आणि इतिहास-सामाजिक शास्त्रं मिळून 220 लागतात. अमेरिकेच्या इतिहासाने माझाही घाम काढला होता, भाषेनेच तारलं.

आणि तिन्ही एकदम का दिलेस गं? एकत्र बसलं की मिळून पाच तास मिळतात. पहिला भाग एकटा दिला तर त्यालाच तीन! त्यात चार लेखी उत्तरं असतात, ती शेवटच्या दहा मिनिटांत खरडायची नसतात.

तिसऱ्या भागाला आपली गणितवाली मंडळी हसतात. शारीरिक शिक्षण, बालविकास, कला, त्यात काय अभ्यास करायचा? मीही हसले होते. मग सरावात प्रश्न आला, 'स्किप' आणि 'गॅलप' यांत फरक काय? माझ्या लेखी दोन्ही उड्याच. सात वर्षांच्या लेकीने स्वयंपाकघरात करून दाखवलं. गॅलपमध्ये एकच पाय कायम पुढे. स्किपमध्ये एक पाऊल, एक उडी, मग दुसरा पाय. फोडणी करपली, पण ते डोक्यात बसलं ते बसलंच.

2021 पासून नियम असा आहे, की कॉलेजात शिकलेले विषय दाखवूनही या परीक्षेचा काही भार उतरवता येतो. तुझी पदवी भारतातली, म्हणून आधी तिचं मूल्यांकन करून घे. त्यातून काही निघालं नाही तर 45 दिवस झाल्यावर आधी तिसरा दे. चारच मार्क कमी आहेत.