बरगड्यांचा ‘चहा’

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. मलेशियातील क्लांग येथील एका हॉटेलात त्याने डुकराच्या बरगड्यांचे औषधी सूप भाताबरोबर खाल्ले. त्याला तेथे ‘चहा’ म्हणतात, हे खरे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : होय. ‘बाक कुत तेह’ या होक्किएन या चिनी बोलीतील नावाचा अर्थ ‘मांस-हाडांचा चहा’ असा होतो. मात्र सुपात चहापत्ती नसते, चहा सोबत वेगळा पितात, तोही बिनदुधाचा. क्लांगचे सूप सोया सॉस व औषधी मुळांमुळे काळसर दिसते, तर सिंगापूरचे तेओच्यू (एक चिनी समाज) पद्धतीचे सूप फिकट आणि मिरीने झणझणीत असते. घरी करायचेच झाल्यास चक्रीफूल, दालचिनी, मिरी आणि न सोललेले लसणाचे अख्खे गड्डे घालून, मांस हाडापासून सुटू लागेपर्यंत मंद आचेवर शिजवावे. कोकम घालण्याचा मोह मात्र आवरावा!