चांगला आउटफिल्डर देऊन अजून सिद्ध न झालेले पिचर घेणं शहाणपणाचं आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: बेसबॉल संघाकडे भरात असलेला आउटफिल्डर आहे आणि त्याच्या बदल्यात मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर, अजून काहीच करून न दाखवलेले तरुण पिचर (चेंडू टाकणारे) मिळतायत. हा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) करावा का?

आउटफिल्डरवरचा संघाचा हक्क साधारण दोन वर्षांत संपणार असेल, त्या दोन वर्षांत संघ जिंकण्याच्या जवळपासही नसेल आणि बदल्यात एकापेक्षा जास्त पिचर येत असतील, तर जरूर करावा. पण आउटफिल्डर अजून चार-पाच वर्षं स्वस्तात खेळणार असेल आणि समोरून एकच हात, म्हणजे एकच पिचर, येत असेल, तर तो ताशी 100 मैलांनी चेंडू टाकत असला तरी नाही म्हणावं.

क्रिकेटमधून बेसबॉलकडे आलेल्यांसाठी एक खुलासा: आउटफिल्डर म्हणजे नुसता सीमारेषेजवळचा क्षेत्ररक्षक नव्हे. संघात तीन आउटफिल्डर असतात, फलंदाजीचा मोठा भार बहुधा याच तिघांवर असतो आणि ते जवळजवळ रोज खेळतात. स्टार्टर पिचर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा, पाच-सहा दिवसांतून एकदा मैदानात उतरतो.

ट्रेडमध्ये खरं तर माणसांपेक्षा वर्षांची देवघेव होते. खेळाडूची मेजर लीगमधली सहा वर्षं भरली की तो फ्री एजंट होतो, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा होतो, आणि 172 दिवसांचं एक वर्ष धरतात. पहिली तीन वर्षं तो बहुतेक किमान पगाराच्या आसपास खेळतो (2025 मध्ये किमान पगार 7 लाख 60 हजार डॉलर होता), पुढची तीन वर्षं लवादाच्या पद्धतीनं पगार चढत जातो. त्यामुळे आउटफिल्डरची किती वर्षं उरलीत आणि पिचरची किती मिळतायत, हा हिशेब आधी. फलंदाजीची सरासरी त्यानंतर.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे मायामी मार्लिन्सचा 2017-18 चा हिवाळा. डिसेंबर 2017 मध्ये त्यांनी आउटफिल्डर मार्सेल ओझुना सेंट लुईस कार्डिनल्सला दिला. त्या मोसमात ओझुनानं 0.312 च्या सरासरीनं (दर 1000 प्रयत्नांत 312 यशस्वी फटके) 37 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) आणि 124 आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा) काढले होते, पण त्याच्यावरचा हक्क दोनच वर्षांचा उरला होता. बदल्यात चार जण आले, त्यातले तीन पिचर: सँडी अल्कांतारा, झॅक गॅलन आणि डॅनिएल कास्टानो. सेंट लुईसमध्ये ओझुनाचे होमरन पहिल्या वर्षी 23 आणि दुसऱ्या वर्षी 29 झाले, मग तो फ्री एजंट होऊन निघून गेला. अल्कांतारानं 2022 मध्ये 228 पेक्षा जास्त इनिंग (एक इनिंग म्हणजे तीन फलंदाज बाद होईपर्यंतचा डाव) टाकल्या, 2.28 चा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून) ठेवला आणि एकमतानं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. गॅलन 2019 मध्ये ॲरिझोनाला गेला आणि तिथे लीगच्या सर्वोत्तम पिचरांमध्ये गणला जाऊ लागला.

त्याच हिवाळ्यात, जानेवारी 2018 मध्ये, त्याच मार्लिन्सनी ख्रिस्तियन येलिच मिलवॉकीला दिला. येलिचच्या करारात पर्यायी वर्ष धरून पाच वर्षं उरली होती आणि पगार त्याच्या खेळाच्या मानानं फारच कमी होता. त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू, झाला. बदल्यात आलेल्या चौघांपैकी एकही मायामीत टिकाऊ नियमित खेळाडू झाला नाही. त्यातले तीन फलंदाज होते, त्यामुळे इथे दोष पिचरांच्या बेभरवशाचा नाही. पाच वर्षांचा आउटफिल्डर देणं हीच मुळातली चूक, असं माझं ठाम मत आहे.

एकाच हाताच्या बदल्यात आउटफिल्डर दिला तर काय होतं, ते सिनसिनाटीनं पाहिलं. डिसेंबर 2007 मध्ये रेड्सनी जॉश हॅमिल्टन टेक्सासला दिला तो मुख्यतः एडिन्सन व्होल्केझसाठी. पहिल्या वर्षी ट्रेड उत्तम वाटला: व्होल्केझच्या नावावर 17 विजय, 6 पराभव, 206 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). 2009 मध्ये व्होल्केझच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि तो सूर सिनसिनाटीत परत कधी लागला नाही. हॅमिल्टन 2010 मध्ये अमेरिकन लीगचा एमव्हीपी झाला आणि टेक्सास सलग दोन वर्षं वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, पोचलं.

जास्त पिचर मागायचे ते यासाठीच. समजा, प्रत्येक तरुण पिचर भरवशाचा स्टार्टर होण्याची शक्यता तीनात एक आहे. एकच घेतला तर 33 टक्के. तिघे घेतले तर किमान एक तरी निघण्याची शक्यता 70 टक्के होते. ज्याचं सगळ्यात जास्त नाव झालंय त्या एकासाठी अडून बसण्यापेक्षा यादीतले दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे दोन-तीन हात घेणं मला कधीही पटतं.

पिचर पारखताना आधी पातळी पाहा. मेजर लीगच्या खाली मायनर लीग असतात: लो-ए खालच्या पायरीवर, डबल-ए त्याच्या वर, ट्रिपल-ए सगळ्यात वर. लो-ए मध्ये नुसत्या वेगवान फास्टबॉलवर ढीगभर स्ट्राइकआउट मिळतात. खरी कसोटी डबल-ए मध्ये लागते, कारण तिथले फलंदाज वाईट चेंडू सोडून देतात. जानेवारी 2020 मध्ये कार्डिनल्सनी रँडी अरोझारेना टँपाला दिला तो मॅथ्यू लिबरटोरसाठी, आणि लिबरटोर तेव्हा डबल-ए पर्यंत पोचलाही नव्हता. त्याच वर्षी अरोझारेनानं एका पोस्टसीझनमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) 10 होमरनचा विक्रम केला. लिबरटोर मेजर लीगमध्ये आला 2022 मध्ये.

दुसरं, तिसरा चेंडू. फास्टबॉल आणि स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) एवढ्यावर फलंदाजांची पहिली फेरी निभावते. फलंदाज दुसऱ्या-तिसऱ्यांदा समोर आले की उजव्या हाताच्या पिचरला डावखुरे फलंदाज झोडपू लागतात. चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा हळू चेंडू) किंवा तसाच तिसरा चेंडू नसेल तर असा पिचर बहुधा बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्यात नंतर येणाऱ्या पिचरांमध्ये, जातो आणि वर्षाला 60-65 इनिंग टाकतो. तेवढ्यासाठी रोज खेळणारा आउटफिल्डर देऊ नये.

तिसरं, वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस. स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे टक्के वजा करा. डबल-ए किंवा ट्रिपल-ए मध्ये हा आकडा 15 च्या वर असेल तर बोलणी पुढे न्यावीत, 20 च्या वर असेल तर खुशाल घ्यावा. ईआरए मायनर लीगमध्ये फसवा असतो, कारण मागचं क्षेत्ररक्षण कच्चं असतं.

आणि कोपर. वैद्यकीय कागद ट्रेड पक्का होण्याआधी तपासले जातात, पण बाहेरून आपल्यालाही खुणा दिसतात: मोसमाच्या शेवटी फास्टबॉलचा वेग एक-दोन मैलांनी उतरलेला, मधले सामने चुकलेले. टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचा अस्थिबंध बदलण्याची) झाली तर 12 ते 18 महिने गेले, आणि ते हक्काच्या सहा वर्षांतूनच जाऊ शकतात, कारण मेजर लीगच्या जखमी खेळाडूंच्या यादीतले दिवसही सेवेत धरतात. मायनरमध्ये वर्षाला 100 इनिंग टाकणाऱ्याकडून पुढच्याच वर्षी 180 ची अपेक्षा ठेवणं म्हणजे दुखापतीला बोलावणं.

आउटफिल्डरच्या बाजूनं तो सेंटर फिल्ड (तिघांमधली मधली, सगळ्यात जास्त धावपळीची जागा) सांभाळतो की कोपऱ्यात, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला, खेळतो हे बघा. कोपऱ्यातल्याची जागा भरता येते. सेंटर फिल्डर गेला तर उरलेल्या दोघांवर ताण येतो, आणि ज्या तरुण पिचरांसाठी ट्रेड केला त्यांच्याच मागे जमिनीवर पडणारे चेंडू वाढतात.

ट्रेडनंतर धीर ठेवायची तयारीही हवी. डिसेंबर 2016 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सनी ॲडम ईटन वॉशिंग्टनला देऊन लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग हे तीन पिचर घेतले. 2018 मध्ये जिओलिटोचा ईआरए 6.13 होता. तरी त्याला स्टार्टर म्हणूनच ठेवलं. 2019 मध्ये तो 3.41 वर आला, 2020 मध्ये त्यानं नो-हिटर (एकही यशस्वी फटका न देता पूर्ण सामना) टाकला. वॉशिंग्टननंही ईटनसह 2019 ची वर्ल्ड सिरीज जिंकली, म्हणजे दोघांचंही भलं झालं. पण 2018 सारखं वर्ष सोसून दर पाचव्या दिवशी त्याच पोराच्या हातात चेंडू द्यायची संघाची तयारी नसेल, तर आउटफिल्डर ठेवलेलाच बरा.