फुटबॉलपटू मिखाईल अँटोनियो सुरुवातीला नेमका कोणत्या जागी खेळायचा?

मुळात विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा. लंडनच्या टूटिंग अँड मिचम या हौशी-निमव्यावसायिक क्लबातून २००८ मध्ये त्याला रेडिंग या क्लबने उचललं, पण तिथे फारसं खेळवलंच नाही. उसनवारीवर गावोगाव फिरवलं. त्यातला साउथॅम्प्टनचा मुक्काम खरा फळला. क्लब तेव्हा लीग वनमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या पायरीवर होता. २०१० च्या फुटबॉल लीग ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात, वेम्बलीवर, कार्लाइलला ४-१ हरवताना एक गोल याचा. पुढे शेफील्ड वेन्सडे, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅम. तिथे प्रशिक्षक बिलिचने त्याला चक्क राइट-बॅकला, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावात, उभं केलं! (माझ्या मते ती चूकच होती.) स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीवीर, म्हणून तो स्थिरावला तो त्यानंतर.