घरी रेकॉर्ड केलेलं आमच्या बँडचं गाणं पोकळ वाटतंय. मिक्सिंगसाठी कोणते प्लगइन घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की चौघांनी मिळून घरीच गाणं रेकॉर्ड केलं, गायकाचा आवाज गिटारखाली दबतोय, बास मोबाईलवर ऐकूच येत नाही, तर कोणते प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायची आवाज बदलणारी साधनं) विकत घ्यावेत. एकही घेऊ नका. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत जो इक्यू (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारा) आणि कंप्रेसर (मोठा-लहान आवाज एकसारखा करणारा) आलाय तो पुरेसा आहे. पण तुमच्या प्रश्नात जाता जाता एक वाक्य आलंय, ‘बासवाल्याच्या बोटांत बहुतेक जोर नाही’. मी उत्तर लिहायला बसलो ते त्या वाक्यामुळे.

मी बास गिटार वाजवतो. हेच वाक्य मी आमच्या बँडमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घेतलंय.

आमचं रेकॉर्डिंग आमचा गिटारवाला करायचा. बास त्याने दोन वाटांनी घेतला: एक डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल अँपशिवाय सरळ रेकॉर्डिंगला देणारी डबी) थेट, दुसरा अँपच्या कॅबिनेटसमोर, म्हणजे स्पीकरच्या खोक्यासमोर, माईक लावून. पद्धतीत काहीच चूक नाही, सगळे असंच करतात. पण मिक्समध्ये दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की बासचं अंगच नाहीसं व्हायचं. तारेवर बोट पडल्याची टकटक यायची, सूर यायचा नाही. त्याने ६० हर्ट्झला इक्यू वाढवला, मग ८०ला, मग कंप्रेसर लावला, त्यावर हार्मोनिक्स (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर) वाढवणारं आणखी एक प्लगइन. स्पीकरचा पडदा दरवेळी जास्त हलायचा आणि बास होता तेवढाच पोकळ. शेवटी खापर माझ्या बोटांवर फुटलं. मला पिकने वाजवून बघायला सांगितलं. तेही वाजवलं. तसंच.

मग माझ्या जागी दुसऱ्या एका बासिस्टला बोलावलं. त्याचा हात माझ्यापेक्षा दमदार आहे, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. तो स्वतःचा बास घेऊन आला, त्याच अँपमधून, त्याच माईकसमोर वाजवून गेला, आणि त्याचाही बास तितकाच पोकळ निघाला. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी वाद्यं आणि एकच दोष! यावरून जे कळायला हवं ते खोलीत कुणालाच कळलं नाही. उलट चर्चा सुरू झाली की नवं इक्यू प्लगइन घ्यावं का.

त्या रात्री मी हेडफोन लावून सेशन उघडलं. डीआयचा ट्रॅक एकटा ऐकला: भरदार. माईकचा ट्रॅक एकटा ऐकला: भरदार. दोन्ही एकत्र: रिकामं. बोटांचा दोष असता तर दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकतानाही तो दिसला असता. वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावर दिसणारी आवाजाची लाट, पुरता झूम केला. डीआयची लाट जिथे वर जात होती तिथे माईकची खाली जात होती, ओळीने सगळीकडे. माईकची केबल घरी सोल्डर केलेली होती आणि तिच्या एका टोकाला एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या प्लगच्या) २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट जोडलेल्या निघाल्या. म्हणजे पोलॅरिटी उलटी. एक ट्रॅक हवेला पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकताहेत. अशा बेरजेत ६० हर्ट्झ कितीही वाढवा, दोन्ही ट्रॅकवर सारखाच वाढणार आणि वजाबाकीही तितकीच होणार. माईकच्या ट्रॅकवर पोलॅरिटी उलटवणारं बटण दाबलं (शून्यावर तिरकी रेघ असते ते) आणि चौथ्या तारेचा ४१ हर्ट्झचा ई, सगळ्यात खालचा सूर, परत आला.

तरी मधल्या भागात एक खड्डा उरला होता. माईक कॅबिनेटपासून जवळपास फूटभर लांब होता. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे त्या एका फुटाला साधारण ०.९ मिलिसेकंद लागतात. डीआयला हा उशीर नसतो. त्यामुळे ५६० हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा पुन्हा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. आणि मोबाईलवर बास ओळखू येतो तो नेमका याच वरच्या भागावरून! फोनचा चिमुकला स्पीकर ४१ हर्ट्झ देऊच शकत नाही. कान वरचे हार्मोनिक्स ऐकून खालचा सूर स्वतः जुळवून घेतो. ते हार्मोनिक्सच कापले गेले तर फोनवर बास संपला. मी माईकचा ट्रॅक डीआयशी जुळेपर्यंत थोडा डावीकडे, म्हणजे आधी वाजेल असा, ओढला. मग गिटारवाल्याने बासवर लावलेलं सगळं एकेक करून बंद करत गेलो. इक्यू, कंप्रेसर, ते हार्मोनिक्सवालं, सगळं. बास पहिल्यांदा माझा बास वाटला, माझ्याच जुन्या टेकवर (आधी वाजवून ठेवलेल्या रेकॉर्डिंगवर), बोटांनी वाजवलेल्या.

म्हणून तुमच्या बासवाल्याला काही बोलण्याआधी त्याचे ट्रॅक एकेकटे ऐका, मग जोडून ऐका. ट्रॅक एकच असेल तर तारा किती जुन्या आहेत ते बघा. मेलेल्या तारांना वरचे हार्मोनिक्स उरत नाहीत, मग फोनवर ऐकू काय येणार? पूर्ण मिक्स मोनोमध्येही, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका. मोनोत जे गायब होतं ते फेजमुळे, म्हणजे लाटा एकमेकींच्या विरुद्ध पडल्यामुळे, जातंय असं धरून चाला, आणि ते शोधल्याशिवाय इक्यूला हात लावू नका. ड्रमच्या डोक्यावर टांगलेल्या दोन ओव्हरहेड माईकचंही हेच. दोन्ही माईक स्नेअरपासून (ड्रम सेटमधला कडक आवाजाचा चपटा ड्रम) सारख्या अंतरावर हवेत. केबलचं एक टोक स्नेअरवर धरून दोन्हीकडे मोजलं की झालं. ते न मोजता नंतर स्नेअरवर चार प्लगइन चढवणारे मला समजत नाहीत.

आता गायक. त्याचा आवाज दबतोय तो गिटारवाल्यामुळे, मिक्समुळे नव्हे. शब्द स्पष्ट करणारा भाग साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो आणि डिस्टॉर्शन लावलेली गिटार तिथेच भिंत बांधते. त्यात दोन गिटार एकाच सप्तकात एकच कॉर्ड घासत असतील तर गायकाला जागाच नाही. गेन (डिस्टॉर्शन किती लागतं ते ठरवणारा नॉब) अँपसमोर उभं राहून आवडतो त्यापेक्षा बराच कमी करून रेकॉर्ड करा. तोच भाग दोनदा वाजवून डबल केल्यावर तो आपोआप मोठा वाटतो. दोन टेक डावी-उजवीकडे पूर्ण टोकाला न्या आणि मधली जागा गायक, बास, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर यांना सोडा. अंतऱ्यात एका गिटारने गप्प बसावं. अरेंजमेंटमधली ही एक विश्रांती कुठल्याही इक्यूपेक्षा जास्त काम करते. गिटारवाले हे ऐकून घेत नाहीत. आमचाही घेत नसे. बासला ‘तो खाली कुठेतरी असतो’ म्हणणारा माणूस स्वतःच्या गिटारला मात्र १०० हर्ट्झखालीही कापू देत नाही. कापा. खालचा घुमारा बास आणि किकचा आहे. गिटार एकटी ऐकली तर पातळ वाटेल, गाण्यात वाटणार नाही. गायकाच्या ट्रॅकवर कंप्रेसर लावण्याआधी ओळ न् ओळ फेडर (ट्रॅकच्या आवाजाची सरकपट्टी) वरखाली करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण शब्द कळतात ते यानेच.

ऐकायची जागाही तपासा. समोरासमोरच्या दोन भिंतींत ३.४ मीटर अंतर असेल तर ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यात अडकतो. भिंतीजवळ तो गडगडतो आणि बरोबर मध्यावर बसलात तर जवळजवळ नाहीसा होतो. आमचा मिक्स करणारा मध्यावरच बसायचा. आवाज मोठा ठेवून मिक्स करणं हाही तसाच सापळा. मोठ्या आवाजात कानाला खालचे सूर जास्त भरतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. म्हणून मोठ्याने ऐकून बरोबर वाटलेला बास हळू ऐकताना हरवतो. बोलण्याच्या आवाजापेक्षा मोठं न करता बॅलन्स लावा. आवडीचं एखादं तयार गाणं शेजारच्या ट्रॅकवर ठेवून तुलना करा, पण त्याची पातळी तुमच्या मिक्सएवढी खाली आणून. नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं.

शेवटी गाणं चेपून मोठं करायच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी −१४ एलयूएफएसच्या (गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास आणून वाजवतं, यूट्यूबही जास्त मोठ्या गाण्यांचा आवाज खाली करतं. चेपलेल्या गाण्याचे ड्रम तेवढे मरतात, हाती काही येत नाही. रेकॉर्ड करतानाही २४ बिटला मीटर लालच्या जवळ नेण्याची गरज नसते. सगळ्यात मोठा ठोका −१० डीबीच्या आसपास राहिला तरी भरपूर झालं.

आमचा गिटारवाला आजही सांगतो की बास शेवटी त्या ६० हर्ट्झच्या इक्यूने जमला. त्या सेशनची फाइल माझ्याकडे आहे, आणि ज्या मिक्सचं सगळ्यांनी कौतुक केलं त्यात बासवरचा इक्यू बंद आहे. त्याने कधीही माझ्याकडे येऊन ती उघडावी.

एक सांगायचं राहिलं. ट्रॅक सरकवायची युक्ती डीआय आणि त्याच्याच अँपच्या माईकपुरती धरा. तुम्ही सगळे एका खोलीत एकदम वाजवून रेकॉर्ड केलं असेल तर प्रत्येक माईकमध्ये शेजारच्या वाद्याचा आवाज शिरलेला असतो. तिथे एक ट्रॅक सरकवला की दुसरं काहीतरी बिघडतं. ड्रमचे माईकही ऊठसूट सरकवू नका. आधी पोलॅरिटीचं बटण दाबून बघा, ज्या बाजूला किक आणि स्नेअर जाड वाटतील ती ठेवा. आणि एवढं करूनही बास पोकळच राहिला तर अँपचा ट्रॅक सरळ बंद करा आणि एकट्या डीआयवर गाणं पूर्ण करा.