माळ्यावर सापडलेली ‘डी.पी.’ रायफल: भिंतीवर लावता येईल का?

प्रश्न: सातारा जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली रायफल सापडली. आजोबा हायस्कुलात शिक्षक आणि एनसीसीचे अधिकारी होते. आता ते हयात नाहीत. रायफलवर ‘डी.पी.’ असा ठसा आहे, दस्त्यावर पांढरा पट्टा आहे आणि फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सळई) नाही. मामा म्हणतात, निकामी आहे, भिंतीवर लाव. फोटो पाहून एक संग्राहक विकत घ्यायला तयार आहे. परवाना लागेल का?

उत्तर: भिंतीवर लावू नका, विकू नका आणि घरातून हलवूही नका. मामांचा सगळा भरवसा त्या ठशावर दिसतो, आणि घोळ नेमका तिथेच आहे.

‘डी.पी.’ म्हणजे ड्रिल पर्पज, कवायतीपुरती. झिजलेली किंवा तडा गेलेली रायफल गोळीबारातून बाद करताना आर्मरर (हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा कारागीर) हा ठसा मारतो. यातून गोळी झाडू नये, एवढाच त्याचा अर्थ. झाडताच येणार नाही, असं तो ठसा सांगत नाही. काही डी.पी. रायफलींच्या चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) आरपार भोक पाडलेलं असतं. पुष्कळशांची नळी आणि चेंबर मात्र शाबूत असतात, फक्त पिन काढलेली किंवा तिचं टोक घासलेलं असतं. ब्रिटनमध्ये नंबर ४ नावाच्या .३०३ लष्करी रायफली कायमच्या निकामी करून एल५९ए१ नावाने कॅडेटना कवायतीला दिल्या गेल्या. तुमच्याकडच्या ठशाला ती हमी नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ४५(सी) जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देतं. पण अट अशी की ते दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. पिन हा बदलता येणारा सुटा भाग आहे, त्यामुळे नुसती पिन नाही म्हणून ही अट पुरी होत नाही. रायफल शंभर वर्षांची असली तरीही नाही.

आता खुणा. रायफल आहे तिथेच राहू द्या. ती भरलेली आहे असंच धरून चाला, बोल्ट (चेंबर उघडणारा-मिटणारा दांडीचा भाग) ओढू नका, टॉर्च मारून फोटो काढा. दस्ता लोखंडात बसतो त्या खोबणीच्या उजव्या अंगाला कारखाना, साल आणि मॉडेल सापडेल. ‘आर.एफ.आय.’ म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर. जुन्या .३०३ रायफलीचा नंबर सहसा चेंबरवरच्या कड्यावर, नळीवर आणि बोल्टच्या दांडीवर असतो. तिन्ही जुळतात का ते पाहा. ‘७.६२ एमएम २ए१’ असेल तर ती ईशापूरची नंतरची रायफल. ‘.४१०’ लिहिलं असेल तर .३०३ ची केलेली, आतून गुळगुळीत नळीची मस्केट. त्यासाठी नळीत डोकावू नका. कायद्याच्या दृष्टीने या तीन प्रकारांत फरक पडत नाही, कारण तिन्ही प्रतिबंधित बोअरमध्ये (मनाई असलेल्या नळीच्या मापात) मोडतात. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारा साधा परवाना इथे उपयोगाचा नाही. प्रतिबंधित शस्त्र बाळगायला मनाई करणारं कलम ७ लागलं तर कलम २५(१-ए) खाली शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल १४.

दस्त्यावर रंगवलेला रॅक नंबर किंवा शाळेचं, बटालियनचं नाव असेल तर ते जरूर टिपा. एनसीसीच्या सदस्याला त्या कामापुरती कलम ४५(बी) ची सूट असते, म्हणून आजोबांच्या हाती ती कायदेशीरपणे आली असण्याची शक्यता आहे. ती सूट वारशाने येत नाही. रायफल बटालियनची निघाली तर ती सरकारी मालमत्ता, तुमचा तिच्यावर हक्कच नाही.

गंज काढायला पॉलिश पेपर किंवा ॲसिड वापरू नका. नंबर पुसणं हा कलम ८ खाली वेगळा गुन्हा आहे. वेल्डरकडून नळी बुजवून घेण्याचा विचारही नको. त्याने कागदोपत्री काहीच सिद्ध होत नाही, उलट पुराव्यात ढवळाढवळ केल्याचा आरोप येतो.

आता कराल ते लेखी करा. ठाणे अंमलदाराच्या नावे अर्ज लिहा: कधी, कुठे, कोणासमक्ष सापडली, आजोबांची एनसीसीतली नेमणूक, मृत्यू दाखल्याची प्रत, वाचता आलेल्या खुणा. पोलिसांनी घरी येऊन पंचनाम्याने ताब्यात घ्यावी आणि पंचनाम्याची प्रत द्यावी, अशी विनंती करा. प्रती जिल्हाधिकारी आणि एनसीसी बटालियनला पाठवा. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. मोटरसायकलवर बांधून रायफल ठाण्यात नेणं हा भाबडेपणा महागात पडतो, कारण वाटेत नाकाबंदी लागली तर तुम्ही विनापरवाना शस्त्र वाहून नेताना सापडलात.

हे याच आठवड्यात करा. गुणवंतलाल खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने ताब्याला जाणिवेची जोड लागते असं म्हटलं. माळ्यावर काय आहे हे ठाऊक नव्हतं तोवर तुमची बाजू भक्कम होती. आता ठाऊक आहे, फोटोही बाहेर गेले आहेत. तरीही गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, म्हणून अर्ज देताना वकील सोबत असू द्या आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खालचा अटकपूर्व जामिनाच्या अर्जाचा मसुदा तयार ठेवा.

रायफल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत गेली तर तपास अधिकाऱ्याने विचारायचा प्रश्न अर्जातच घाला: “दुरुस्ती करून किंवा न करता यातून गोळी झाडता येईल का?” नुसतं “सध्या चालू स्थितीत आहे का” एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच येतं आणि ४५(सी) चा मुद्दा लटकतो. अहवाल तुमच्या बाजूने आला आणि बटालियनने हक्क सांगितला नाही, तरच परत मागण्याचा अर्ज करा. भिंतीचा विचार त्यानंतर.

संग्राहकाला एका ओळीत लेखी नकार कळवा. विनापरवाना विक्रीची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे, आणि ‘शोभेची वस्तू’ असं पावतीवर लिहून ती टळत नाही. गोणपाटात संगीन असेल तर तीही त्याच पंचनाम्यात येऊ द्या. काडतूस दिसलं तर हात न लावता अर्जात वेगळी नोंद करा. त्याचा गुन्हा स्वतंत्र लागतो.