‘वगैरे’च्या आड काय आहे?

प्रश्न : माझी मुलगी मराठी घेऊन एस. वाय. बी. ए. करतेय. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीतली वाङ्मयीन तंत्रं आणि आशय यावर तिला प्रकल्प लिहायचाय. गाईडमधली ‘प्रथमपुरुषी निवेदन, उपरोध, रोजनिशी, प्रतीके’ ही यादी तिनं उतरवून काढली. मी पुस्तक उघडलं तर पानोपानी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. ही नुसती लकब नाही का? आणि पोरगा शिकायला पुण्याला जातो, हात हलवत घरी येतो. यात मोठं होणं कुठंय?
– एक आई, भुसावळ

उत्तर : ताई, लकब आहेच. पण ती कुणाची, ते आधी बघू. बोलतोय पांडुरंग सांगवीकर, खानदेशातल्या खेड्यातला, बऱ्यापैकी पैसेवाल्या बापाचा मुलगा. पहिल्याच ओळींत तो नाव सांगतो आणि आपण आज ‘उदाहरणार्थ’ पंचवीस वर्षांचे आहोत म्हणतो. वय कधी उदाहरणादाखल असतं का? रेशनकार्डाच्या फॉर्मवर असं लिहून बघा, खिडकीतला माणूस फॉर्म परत करील. आता जरा मागं जाऊन अर्पणपत्रिका वाचा. पुस्तक शंभरातल्या नव्व्याण्णवांना अर्पण केलंय. म्हणजे पांडुरंग स्वतःला नमुना म्हणून पुढं करतोय, पोत्यातून मूठभर ज्वारी काढून दाखवावी तसा. १९६३ साली, पंचविशीतल्या नेमाड्यांनी हा शब्द पहिल्याच ओळींत ठेवला, तो उगीच नाही.

‘वगैरे’ मला कळायला मात्र वर्गात बरीच वर्षं काढावी लागली. मी चाळीसगावकडच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. एकदा अकरावीचा एक मुलगा दोन आठवडे गैरहजर राहून आला. कुठं होतास विचारलं, तर खिडकीकडं बघत म्हणाला, ‘‘सर, वडील वारले वगैरे, म्हणून जमलं नाही.’’ मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मला हसू आलं नाही. वडील वारल्यानंतर ‘वगैरे’ काय उरतं? पण तो शब्द नसता तर त्याला ते वाक्य पुरं करता आलं नसतं. बोचणाऱ्या गोष्टीवर पोरं असं पोतेरं टाकतात. त्या रात्री ‘कोसला’ पुन्हा काढलं. आधी चारदा शिकवून झालं होतं, हे सांगायला लाज वाटते.

म्हणून मुलीला सांगा, यादी राहू दे. एक पेन्सिल घे. पुण्यातल्या होस्टेलवर पांडुरंग मेसचा कारभार अंगावर घेतो आणि तो अंगाशी येतो, ती पानं काढ. मग धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं दगावते, ती पानं काढ. दोन्हीकडं ‘वगैरे’खाली रेघ मार आणि मोज. आकडा मी सांगत नाही, तो तिचा तिनं काढावा. वाक्यांची लांबी बघावी, टवाळी कुठं चालू राहते आणि कुठं तिचा घसा बसतो ते बघावं. त्यावर चार पानं सहज होतील, आणि ती गाईडमध्ये सापडणार नाहीत.

रोजनिशीचा भाग परीक्षेत हमखास विचारतात. थोडक्यात सांगतो : गोष्ट म्हटली की एकातून दुसरं निघावं लागतं. तारखांना ते बंधन नसतं. ज्याचे दिवस एकमेकांना जोडलेच जात नाहीत, त्याला रोजनिशीच बरी.

आता तुमचा खरा प्रश्न. मोठं होणं शोधायचं ते दोन पांडुरंगांमधल्या अंतरात. एक जण पुण्यात उत्साहानं एकेक गोष्ट डोक्यावर घेत सुटलाय. दुसरा पंचवीस वर्षांचा, हे सगळं आटोपल्यावर सांगायला बसलाय. बिल किती आलं हे त्याला माहीत आहे, म्हणून पहिल्याला तो हसतो. फसणाराही तोच, हसणाराही तोच. उपरोध म्हणतात तो या फटीतून येतो.

शेजारी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ ही कादंबरी ठेवून बघा. तिथला मुकुंद जोशीही ‘मी’ म्हणूनच बोलतो, पण तो नववीतच आहे. पुढचं त्याला ठाऊक नाही. आणीबाणी चालू आहे, ती त्याच्यापर्यंत मोठ्यांच्या बोलण्यातून तुकड्या-तुकड्यानं येते, आणि त्याचं लक्ष शिरोडकर नावाच्या मुलीकडं. तिथं जास्त कळतं ते वाचकाला. दोन्हीकडं ‘प्रथमपुरुषी निवेदन’च, गाईडच्या यादीत एकाच ओळीत बसणारं, पण काम अगदी वेगळं.

प्रतीकाबद्दल एकच. कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. किडा आत गेला की बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, म्हणूनच तुम्हाला तो हात हलवत आलेला दिसला. आणि रेशीम काढणारे पतंग बाहेर पडायची वाट बघत नाहीत, त्याआधीच कोश गरम पाण्यात टाकतात. हे तिनं लिहावं का? लिहावं. सर विचारतील, लेखकानं असं कुठं म्हटलंय? खुशाल सांगावं, कुठंच नाही, हे माझं वाचन.

गाईड मात्र टाकू नका. पुढच्या वर्षीची पोरं अर्ध्या किमतीत घेऊन जातील.