आधी खातं की आधी पत्ता? परदेशी बँकखात्याविषयी वाचकांचे प्रश्न

मुलगा ऑक्टोबरपासून जर्मनीत एम.एस.साठी जातोय. व्हिसासाठी ‘श्पेरकोंटो’ उघडलंय. एजंट म्हणतो आणखी खातं लागत नाही, सीनियर मुलं म्हणतात लागतं. त्यात खात्याला पत्ता हवा आणि घर घ्यायला खातं हवं, असंही ऐकतो. सुरुवात कुठून करायची? – एक पालक, नाशिक

सीनियर मुलांचं ऐका. श्पेरकोंटो म्हणजे रक्कम रोखून ठेवलेलं खातं. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरो सुटतात. पण भाडं, आरोग्य विम्याचा हप्ता, मोबाइलचं बिल यातलं काहीच त्या खात्यातून परस्पर जात नाही. सुटलेले पैसे रोजच्या व्यवहाराच्या खात्यात, म्हणजे ‘गिरोकोंटो’त जमा होतात आणि ते खातं मुलाच्याच नावावर असावं लागतं. मित्राच्या खात्यावर पहिला हप्ता मागवायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

आता कोंबडी-अंड्याचा प्रश्न. तो घरापासून सुटतो. घर तात्पुरतं असलं तरी चालेल, मात्र मालक पत्त्याच्या नोंदणीसाठी लेखी दाखला देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या बऱ्याच खोल्यांत तो मिळत नाही आणि पुढचं सगळं तिथेच अडतं. दाखला आणि पासपोर्ट घेऊन पालिकेच्या नोंदणी कार्यालयात ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायचं. कायद्याने राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ते व्हायला हवं. बर्लिन-म्युनिकसारख्या शहरांत ऑक्टोबरात भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून वेळ भारतातूनच ऑनलाइन राखून ठेवावी. नोंदणीचा कागद, पासपोर्ट, व्हिसा आणि विद्यापीठाचं प्रवेशपत्र एवढ्यावर विद्यापीठाच्या गावातल्या बँका विद्यार्थ्याचं खातं सहसा उघडतात.

बँक विचारते तो जर्मन करओळख क्रमांक ११ अंकी असतो. नोंदणीनंतर तो आपोआप टपालाने येतो, त्याला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी तो नसला तरी घाबरू नका, नंतर कळवता येतो. अर्जात करदाता म्हणून भारताचा क्रमांक विचारला तर पॅन लिहायचा. हौसेने आधार लिहिणारे कमी नाहीत.

पैसे पाठवतानाची चूक मात्र महागात पडते. वाटेतल्या बँका आपलं शुल्क मूळ रकमेतून कापतात. तिकडे वीस युरो कमी पोचले की रक्कम पूर्ण नाही म्हणून व्हिसासाठीचं पुष्टिपत्र अडकतं. म्हणून बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरताना ‘सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडा आणि वर थोडे युरो जादा पाठवा. उदारीकृत प्रेषण योजनेखाली माणशी, आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, ती आड येत नाही. टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, मात्र येऊ शकतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर तो लागतो, आणि श्पेरकोंटोची रक्कम आणि फी मिळून हा आकडा सहज ओलांडला जातो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस नाही. कापला गेलाच तर ज्याच्या पॅनवरून पैसे गेले, त्याच्या विवरणपत्रात तो करापोटी वळता करून घेता येतो.

आणि पहिले चार-सहा आठवडे श्पेरकोंटोच्या भरवशावर राहू नका. घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते. ती रक्कम आणि दीड महिन्याचा खर्च फॉरेक्स कार्डावर वेगळा हवा.

ऑनलाइन बँकेची व्हिडिओ ओळखपडताळणी दोनदा फसली. दुसऱ्या बँकेचं कार्ड आलं, पण पिन आलाच नाही. – एक वाचक, श्टुटगार्ट

पहिलं दुखणं पासपोर्टचं आहे. व्हिडिओ पडताळणीत कागदावरची सुरक्षाचिन्हं कॅमेऱ्यासमोर तिरपी धरून दाखवावी लागतात, आणि कोणत्या देशाचा पासपोर्ट चालेल याची प्रत्येक बँकेची यादी वेगळी असते. आपला पासपोर्ट तिथे बऱ्याचदा अडतो. तिसऱ्यांदा तेच करू नका. अर्जात ‘पोस्टइडेंट’ हा पर्याय असेल तर तो घ्या. त्याची पावती आणि मूळ पासपोर्ट घेऊन टपाल कार्यालयात जा, तिथला कर्मचारी पडताळणी करून देतो.

जाण्याआधी अर्जातलं नाव पासपोर्टच्या तळाशी असलेल्या दोन यंत्रवाचनीय ओळींशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाच्या रकान्यातच बसलेलं असतं. जर्मन कारकुनाच्या लेखी ती दोन्ही तुमची पहिली नावं. अर्जात नुसतं ‘स्नेहा कुलकर्णी’ आणि पासपोर्टवर मधलं नावही, की काम थांबलं. आडनावाचा रकाना कोरा असेल तर भारतात असतानाच पासपोर्ट दुरुस्त करून घेणं सोपं. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरोक्षेत्रातल्या बँका पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन (आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) जुळतात का हे तपासून सांगतात. त्यामुळे घरमालकाला आणि पगारविभागालाही बँकेत आहे तेच नाव द्या.

पिनचं कारण बहुधा टपालपेटी. जर्मन इमारतींत सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. नाव नाही, तर पत्र परत. कार्ड आणि पिन मुद्दाम वेगळ्या दिवशी, वेगळ्या पाकिटांत पाठवतात. कुणाच्या घरात पोटभाडेकरू असाल तर पत्त्यात तुमच्या नावाखाली ‘बाय’ (bei) हा जर्मन शब्द आणि मूळ भाडेकरूचं आडनाव लिहा. मालकाची परवानगी घेऊन पेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवा, मगच बँकेकडून नवा पिन मागवा.

दोन बँकांनी कारण न देता नकार दिला. शूफात नोंद नाही म्हणून असेल का? – एक वाचक, ड्रेस्डेन

नवख्याची शूफात, म्हणजे पतनोंदी ठेवणाऱ्या जर्मन संस्थेत, नोंद नसतेच. ती नसल्यामुळे ओव्हरड्राफ्ट किंवा क्रेडिट कार्ड अडेल, साधं खातं अडायचं कारण नाही. आता अर्ज ‘बाझिसकोंटो’साठी करा आणि तो शब्द अर्जावर असू द्या. जून २०१६ पासून युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या कुणालाही हे मूलभूत खातं मागण्याचा हक्क आहे. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने खात्याचा प्रस्ताव द्यायचा, किंवा नकार लेखी कळवायचा. नकार आला की ‘बाफिन’ या नियामकाकडे जाता येतं. शुल्क कधीकधी नेहमीच्या खात्यापेक्षा जास्त असतं, आणि खात्यात असतील तेवढेच पैसे वापरता येतात.

तोवर दुसऱ्या युरोपीय देशाच्या आयबॅनवर काम भागतं. ‘डीई’ने सुरू होणाराच, म्हणजे जर्मनीचाच, आयबॅन हवा, असा हट्ट मालकाला किंवा विमा कंपनीला धरता येत नाही. युरोपीय संघाचा २६०/२०१२ हा नियम त्याच्या आड आहे. ईमेलमध्ये हा आकडा लिहिला की बरेच जण गप्प होतात.

मी मडगावहून परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअरचं काम करते. वर्षभर लिस्बनला राहून तेच करायचं आहे. खातं आधी उघडू का, आणि ग्राहकांचे पैसे थेट तिथेच घेऊ का? – एक वाचक, गोवा

पोर्तुगालमध्ये सगळ्याची किल्ली ‘निफ’ हा नऊ अंकी करक्रमांक. त्याच्याशिवाय बँक अर्ज पुढे नेत नाही. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याने पूर्वी त्यासाठी तिथला करप्रतिनिधी नेमावा लागे. आता करखात्याच्या सूचना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेण्याची नोंदणी केली की प्रतिनिधीविना भागू शकतं. बँकेला पासपोर्ट, निफ, पत्त्याचा पुरावा, कामाचा आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. अनिवासी म्हणून उघडलं तर भारतातला पत्ता चालतो, मात्र वीजबिल किंवा बँकविवरण तुमच्याच नावाचं असावं. घरचं बिल वडिलांच्या नावावर असतं, तिथे गाडी अडते. पुढे राहण्याचा परवाना मिळाला की बँकेत जाऊन निवासी म्हणून बदल करून घ्या.

व्हिसा डी-आठ, म्हणजे दुरून काम करणाऱ्यांसाठीच्या प्रकारचा. मासिक उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट दाखवायचं असतं. २०२५ मध्ये ते वेतन ८७० युरो होतं, म्हणजे तेव्हा ३,४८० लागत. बिलांची बेरीज पुरत नाही. करार, बिलं आणि बँकेत जमा झालेल्या रकमा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत.

खरी काळजी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची. जोवर तुम्ही फेमाखाली, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, भारतात निवासी आहात, तोवर परदेशी ग्राहकाचं बिल ही सेवानिर्यात आहे आणि ती रक्कम ठरलेल्या मुदतीत भारतात आणावीच लागते. लिस्बनच्या खात्यात ती साठवून ठेवायची नसते. तिकडच्या खर्चाला पैसे लागतील ते भारतातून प्रेषण योजनेखाली पाठवा. आयकराची निवासाची मोजणी वेगळी, दिवसांवर चालते. ज्या वर्षी तुम्ही भारताच्या सामान्य निवासी ठराल, त्या वर्षीच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ते खातं दाखवावं लागतं. त्यात व्याज शून्य असलं तरीही. हे परिशिष्ट एप्रिल-मार्चचं नसून जानेवारी-डिसेंबरचं असतं, म्हणून बँकेचं विवरणही त्याच हिशेबाने काढा.

मुलगी शिकायला गेली. तिचं इथलं बचत खातं तसंच ठेवलं तर? – एक पालक, कोल्हापूर

तसंच ठेवता येत नाही. शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थीही फेमाखाली अनिवासी मानले जातात, त्यामुळे ते खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यायचं. पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशातला पत्ता लागतो. निवासी नातेवाईक म्हणून तुम्हाला ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने (व्यवहार पहिल्या खातेदाराचे, त्याच्या पश्चातच दुसऱ्याचे) सहखातेदार होता येतं. तिचा भारतातला मोबाइल नंबर मात्र रिचार्ज करून चालू ठेवा, कारण ओटीपी त्याच्यावरच येतो. बँकेत परदेशी नंबर नोंदवता येत असेल तर ते काम इथला नंबर चालू असतानाच उरकून घ्या.